शरदातील मसाला कॉफी : जिन्नस, प्रमाण आणि वेळ

आश्विन महिना लागला की पवना व इंद्रायणी या नद्यांच्या काठी वसलेल्या औद्योगिक पट्ट्यात एकाच दिवसात दोन ऋतू अनुभवास येतात. दुपारी ऑक्टोबरचे ऊन कारखान्यांच्या पत्र्यांवर तापत असते. पहाटे मात्र पहिल्या पाळीची बस गाठण्यासाठी नाक्यावर उभ्या असलेल्या कामगाराला अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते. अशा हवेत गरम पेयाची ओढ स्वाभाविकपणे वाढते. चहा बारमाही आहे. परंतु नवरात्र ते दिवाळी या काळात अनेक मराठी घरांत जायफळ आणि वेलदोडा घातलेली दुधाची कॉफीही होते. पाहुण्यांसाठी, उपवासासाठी, कोजागरीच्या जागरणासाठी ती केली जाते आणि थंडी पडेपर्यंत तिचा मुक्काम घरात राहतो.

मसाल्याचे पदार्थ पडले म्हणजे पेय आपोआप आरोग्यदायी झाले, अशी एक समजूत अलीकडे बळावली आहे. बाजारातील डब्यांवरील मजकुराने तिला खतपाणीच मिळते. वस्तुस्थिती अशी की, कपभर कॉफीत पडणाऱ्या चिमूटभर मसाल्याने प्रकृतीत फारसा फरक पडत नाही. तो स्वाद देतो, आणि स्वादामुळे साखर कमी करता येते, हाच त्याचा मोठा उपकार. कॉफी हितकर की अहितकर, हे तीन गोष्टींवर ठरते : तीत साखर किती, कॉफीची पूड किती व कोणती, आणि ती कोणत्या वेळी घेतली. यांतील तिसरी गोष्ट पिंपरी-चिंचवड व चाकण भागात इतर कोठल्याही प्रदेशापेक्षा अधिक महत्त्वाची ठरते.

या पट्ट्याची जडणघडणच पाळ्यांवर झाली आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिन तयार करणारा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील काळात आकुर्डी, चिंचवड, भोसरी या गावांच्या शिवारात वाहने, यंत्रे व सुटे भाग तयार करणारे कारखाने दाटीने उभे राहिले. १९७० साली येथे नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. खेड तालुक्यातील चाकण हे त्या काळी किल्ल्यासाठी व कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे गाव होते. १९९० नंतर महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांलगत मोटारींचा उद्योग आला, आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तरेकडील राज्यांतून आलेला तरुण कामगार येथे भाड्याच्या खोल्यांत राहू लागला. आज या खोल्यांतील चूल एका दिवसात तीन वेळा पेटते, कारण एकाच खोलीत राहणारे तिघे तीन वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला जातात. त्यांच्यासाठी कॉफी ही चैन नसून जागे राहण्याचे साधन आहे. नेमके म्हणूनच तिचे प्रमाण माहीत असणे अगत्याचे आहे.

जुनी कॉफी, नवे नाव

शरद ऋतूत मसालेदार कॉफी पिण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांतून आली, असे शहरी तरुणांना वाटते. अमेरिकेत २००३ सालापासून एका प्रसिद्ध उपाहारगृह-साखळीने पानगळीच्या दिवसांत ‘भोपळ्याच्या मसाल्याची’ दूधकॉफी विक्रीस आणली व ती जगभर गाजली. या मसाल्यात भोपळा नसतोच. भोपळ्याच्या गोड पदार्थात तिकडे जे मसाले घालतात ते, म्हणजे दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग, एवढाच त्या नावाचा अर्थ. आपल्याकडे लाल भोपळ्याच्या घारग्यांत गूळ, जायफळ व वेलदोडा पडतो, त्यातलाच हा प्रकार. त्या कॉफीच्या मोठ्या पेल्यात सुमारे ५० ग्रॅम साखर असते, म्हणजे दहा चहाचे चमचे. तिची घरगुती नक्कल करणाऱ्यांनी हा आकडा प्रथम लक्षात घ्यावा.

मराठी घरातील जायफळाची कॉफी याहून पुष्कळ जुनी आहे. कॉफीचे बी सतराव्या शतकात बाबा बुदन या सूफी साधूने अरबस्तानातील मोखा बंदरातून आणून आजच्या कर्नाटकातील चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावले, अशी परंपरा सांगते. दक्षिणेत गाळणीची कडक कॉफी रूढ झाली. मुंबईत पेस्तनजी दलाल यांच्या ‘पॉलसन’ या नावाने चिकोरी मिसळलेली कॉफी घरोघरी पोहोचली. लोण्यासाठी हे नाव गाजले ते नंतर. वाण्याच्या दुकानात साखर व कॉफीच्या तयार वड्याही मिळत. चिकोरीचा किंचित कडवटपणा झाकण्यासाठी म्हणा, किंवा बासुंदी-श्रीखंडाची सवय झालेल्या जिभेला रुचावे म्हणून म्हणा, मराठी गृहिणीने या पेयात जायफळ आणि वेलदोडा घातला. ती कॉफी दाक्षिणात्य कॉफीसारखी कडक नव्हे. ती दुधाची, मऊ आणि गोड असते. गोडपणा हाच तिचा दोष, हे पुढे दिसून येईल.

महाराष्ट्राला कॉफी पूर्णपणे परकी नाही, हेही येथे नमूद करण्यासारखे आहे. अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील चिखलदरा परिसरात, सातपुड्याच्या उंचीवर, कॉफीची लागवड आहे. मसाल्यांपैकी जायफळ व दालचिनी कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून होतात. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ व ‘कोकण श्रीमंती’ या जाती आणि दालचिनीची ‘कोकण तेज’ ही जात प्रसारित केली आहे. वेलदोडा तेवढा दक्षिणेतून आणावा लागतो.

डब्यात काय असते

बाजारात ‘कॉफी’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, भाजलेल्या बियांची शुद्ध पूड. ती उकळून किंवा गाळणीतून काढावी लागते. दुसरी, पाण्यात तत्काळ विरघळणारी कॉफी. तिसरी, कॉफी व चिकोरी यांचे मिश्रण. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजून दळलेली मुळी होय. तिच्यात कॅफीन मुळीच नसते. ती अपायकारक नाही, उलट ज्यांना कॉफीने धडधड होते त्यांना ती सोयीचीच पडते. परंतु कॉफीच्या भावाने चिकोरी विकत घेणे कोणाही सुज्ञ ग्राहकाला परवडणारे नाही. नियमानुसार अशा मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांहून कमी असता कामा नये, आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. सुटी पूड घेताना ही माहिती मिळत नाही.

यावर एक सोपी परीक्षा आहे व ती शाळेच्या वर्गातही करून दाखविता येते. पारदर्शक पेल्यात थंड पाणी घेऊन त्यावर चिमूटभर पूड अलगद भुरभुरावी. शुद्ध कॉफीचे कण काही काळ पाण्यावर तरंगत राहतात. चिकोरीचे कण मात्र काही सेकंदांतच तळाशी जाऊ लागतात आणि जाताना मागे तपकिरी रंगाची रेघ सोडतात. विरघळणाऱ्या कॉफीला ही परीक्षा अर्थातच लागू पडत नाही.

कॅफीनच्या दृष्टीने पाहता बियांच्या जातीलाही महत्त्व आहे. अरेबिका जातीच्या बियांत ते साधारण १.२ टक्के, तर रोबस्टा जातीत सुमारे २ टक्के किंवा किंचित अधिक असते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत १५० मिलिलिटरच्या कपामागे कॅफीनचे प्रमाण असे दिले आहे : उकळून वा गाळून काढलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, विरघळणाऱ्या कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम. दिवसभरात सर्व मिळून ३०० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, असा सल्ला त्याच सूचनांत आहे. कारखान्यातील उपाहारगृहाचा चहा चार वेळा आणि घरची कॉफी दोन वेळा घेणारा माणूस या मर्यादेला सहज पोहोचतो. चहाचा कप तो मोजतच नाही, ही यातील मेख आहे.

उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीत काही तैलद्रव्ये उतरतात व ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. कागदी गाळणीत ही द्रव्ये बहुतांशी अडतात. दाट विणीच्या स्वच्छ कापडातून गाळल्यासही ती काही प्रमाणात कमी होतात. धातूच्या जाळीतून मात्र ती निसटतात. यास्तव बियांची पूड वापरणाऱ्या घरात कॉफी कापडातून गाळण्याची जुनी पद्धत सोडू नये.

साखरेचा हिशेब

मराठी पद्धतीच्या कॉफीत कपाला दोन चमचे साखर सर्रास घातली जाते. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे एका कपात १० ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या शिफारशीनुसार अन्नात वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांखाली ठेवता आल्यास अधिक उत्तम. प्रौढ माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. चहा-कॉफीचे पाच कप या दराने घेतल्यास ५० ग्रॅम साखर केवळ पेयांतूनच पोटात जाते. दिवाळीच्या फराळाचा त्यात समावेशही नाही. भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटींच्या वर असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळून आले. या पार्श्वभूमीवर कपातील दुसरा चमचा ही किरकोळ बाब राहत नाही.

‘साखरेऐवजी गूळ घालावा’ हा उपाय हमखास सुचविला जातो. गुळात लोह व अन्य क्षार थोडेफार असतात, हे खरे. तथापि गुळाचा बहुतांश भाग साखरेचाच असतो आणि मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर गूळही वाढवितोच. खारकेची पूड, खजूर, मध यांनाही हेच लागू आहे. खारकेच्या पुडीतून थोडा चोथा मिळतो इतकेच. थोडक्यात, गोडीचा प्रकार बदलून फारसे साधत नाही. तिचे प्रमाण उतरविले पाहिजे. हे एकदम केल्यास घरातील मंडळी कॉफीच नाकारतात. दर आठवड्याला कपामागे पाव ते अर्धा चमचा साखर कमी करीत गेल्यास महिना-दीड महिन्यात जीभ सरावते, आणि मग पूर्वीची कॉफी पाकासारखी लागू लागते. येथे मसाल्याचा खरा उपयोग होतो. वेलदोडा, बडीशेप, दालचिनी आणि जायफळ यांचा वास मनात गोडाशीच जोडलेला असल्यामुळे कमी साखरेची कॉफीही गोड भासते.

चवीसाठी गूळच हवा असेल त्यांनी तो उकळत्या दुधात टाकू नये, कारण दूध पुष्कळदा फाटते. कॉफी चुलीवरून उतरवून किंचित निवल्यावर किसलेला गूळ ढवळावा. दुकानातील पिवळाधमक गूळ बहुधा रसायनाने रंग उजळलेला असतो. काळसर गूळ दिसायला मळका असला तरी तोच पसंत करावा.

मसाला : ऋतू आणि प्रमाण

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येत शरद हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आहे. पावसाळ्यानंतर एकाएकी पडणाऱ्या उन्हात तिखट व उष्ण पदार्थ टाळावेत, मधुर व शीत पदार्थ घ्यावेत, असा तिचा कल आहे. कोजागरीला आटीव दूध पिण्याची चाल याच विचाराशी जुळते. शास्त्रीय चर्चा बाजूला ठेवली तरी ऑक्टोबरच्या दुपारी सुंठ-मिरी-लवंगेची कॉफी छातीत जळजळ करते, हा अनुभव पुष्कळांना असतो. म्हणून शरदातील मसाला वेगळा व हेमंतातील वेगळा ठेवणे शहाणपणाचे. थंड देशांतील पानगळीचा मसाला आपल्याकडे दिवाळीनंतरच शोभतो.

शरदासाठी वेलदोड्याचे दाणे १० ग्रॅम, बडीशेप ५ ग्रॅम, दालचिनी ३ ग्रॅम आणि जायफळ २ ग्रॅम, म्हणजे एका जायफळाचा साधारण तिसरा हिस्सा, एवढे जिन्नस घ्यावेत. बडीशेप व दालचिनी मंद आचेवर कोमट होईपर्यंत परतावी. वेलदोडा व जायफळ भाजू नये, कारण त्यांतील सुगंधी तेल उडून जाते. सर्व एकत्र बारीक दळून, चाळून, कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट बुचाखाली ठेवावे. चार कपांना पाव चमचा पूड पुरते. मार्गशीर्षात याच पुडीत ५ ग्रॅम सुंठ मिसळली की हेमंताचा मसाला तयार होतो. महिन्याला पुरेल इतकीच पूड करावी, जुनी पूड निर्जीव लागते.

जायफळाविषयी स्पष्ट इशारा आवश्यक आहे. हे मसाल्याचे फळ तर आहेच, पण ते औषधीही आहे. बाळगुटीत त्याचे मोजून वेढे देणाऱ्या जुन्या बायकांना हे ठाऊक होते. एक जायफळ ५ ते ७ ग्रॅम भरते, आणि ५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक पूड एका वेळी पोटात गेल्यास मळमळ, तोंडाला कोरड, छातीत धडधड व भ्रम अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. वर दिलेल्या प्रमाणात कपामागे जायफळ दहाव्या हिश्श्याच्या ग्रॅमलाही पोहोचत नाही, म्हणून ते निर्धोक आहे. झोप येत नाही म्हणून चमचाभर जायफळ दुधातून घेण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. गरोदर स्त्रियांनी ते चिमटीच्या आतच ठेवावे. जायफळाने झोप येते आणि कॉफीने जाते, तेव्हा दोन्ही एकत्र घेतल्यास हिशेब बरोबर होतो, असे काही विनोदाने म्हणतात. एवढ्या अल्प प्रमाणात जायफळाचे काही चालत नाही आणि कॅफीनचीच सरशी होते.

दालचिनी निवडतानाही थोडे पाहावे. कागदासारख्या पातळ सालींच्या अनेक पापुद्र्यांची सुरळी ही खरी दालचिनी. जाड, टणक, एकाच पदराची साल बहुधा तिच्या जातभाईची असते. या जाड सालीत कुमारिन नावाचे द्रव्य बरेच असते व ते दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात पोटात गेल्यास यकृताला अपाय करू शकते. चिमटीने भीती नाही. रोज चमचाभर दालचिनी खाण्याचे जे खूळ अधूनमधून पसरते, त्यापासून मात्र दूर राहावे.

कृती

चार कपांसाठी ३०० मिलिलिटर पाणी व तेवढेच टोन्ड दूध घ्यावे. अशा दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, आणि प्रत्येक १०० मिलिलिटरमागे सुमारे ३ ग्रॅम प्रथिने व १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. साय घालून किंवा दूध आटवून कॉफी दाट करण्याची गरज नाही. पाणी उकळी येण्याच्या बेतात असताना चुलीवरून उतरवून त्यात १६ ग्रॅम, म्हणजे चार चमचे, कॉफीची पूड टाकावी, ढवळून झाकण ठेवावे व चार-पाच मिनिटांनी कापडातून गाळावे. पूड दुधात टाकून खळखळ उकळण्याची सर्वत्र दिसणारी रीत कॉफीचा सुगंध घालवून कडवटपणा तेवढा शिल्लक ठेवते. दुसऱ्या पातेल्यात दूध तापवावे; त्यात पाव चमचा मसाला टाकून एक उकळी येऊ द्यावी, म्हणजे मसाल्याचा अर्क दुधात उतरतो. नंतर दोन्ही एकत्र करून वरखाली ओतून फेस आणावा. साखर पातेल्यात न टाकता प्रत्येकाने आपापल्या कपात घ्यावी. घरातील मधुमेही व्यक्तीला वेगळी कॉफी करावी लागत नाही आणि इतरांनाही आपण किती साखर घेतो हे दिसते. अरेबिका पूड वापरल्यास या प्रमाणात कपामागे ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन येते, म्हणजे चहाइतकेच.

विरघळणारी कॉफी वापरायची झाल्यास चार कपांना चार सपाट चमचे पुरेत. ज्यांना भोपळ्याची हौस पुरवायची आहे त्यांनी लाल भोपळ्याची फोड वाफवून, घोटून, कपामागे एक मोठा चमचा लगदा दुधातच एकजीव करावा. दूध दाट होते, किंचित गोडी येते आणि भोपळ्यातील, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनविते ते, केशरी द्रव्यही मिळते. शरदात भोपळा स्वस्तही असतो.

जेवण, गोळी आणि कॉफी

कॉफीचा एक परिणाम ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी विशेष ध्यानात घ्यावा. चहा व कॉफी यांतील काही द्रव्ये भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतील लोहाला बांधून ठेवतात व ते रक्तात शोषले जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. या स्थितीत बाजरीची भाकरी व मेथीची भाजी खाऊन त्यावर लगेच कॉफी घेणे म्हणजे अन्नातील लोह हाताने दूर सारण्यासारखे आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सूचनेप्रमाणे जेवणापूर्वी व जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये. आशा कार्यकर्ती जी लोहाची गोळी घरी देते, किंवा शाळेत किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्यातून एकदा जी निळी गोळी दिली जाते, तीही चहा-कॉफीबरोबर घेऊ नये. लिंबाचे सरबत किंवा पेरू, आवळा यांसारखे फळ तिच्या जोडीला असल्यास लोह अधिक शोषले जाते. औद्योगिक भागातील अनेक महिला पाळीच्या घाईत जेवण व कॉफी एकाच बैठकीत उरकतात. वेळापत्रकात थोडा बदल केल्यास एक पैसाही खर्च न होता हा तोटा टळतो.

गरोदर स्त्रियांबाबत अनेक देशांतील वैद्यकीय संघटना दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा सांगतात; वरील कृतीच्या दोन कपांनंतर आणखी चहा न घेणे हे त्याचे व्यावहारिक रूप होय. उच्च रक्तदाब, छातीत धडधड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे, आणि पहाटे रिकाम्या पोटी कॉफी घेण्याऐवजी आधी मूठभर फुटाणे खावेत. लहान मुलांना कॉफी देऊ नये. त्यांच्यासाठी तोच मसाला घातलेले दूध आहे.

पाळी आणि पेला

कॅफीन पोटात गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याचा पूर्ण अंमल चढतो, पण ते उतरते फार सावकाश. निरोगी प्रौढाच्या शरीरातून त्याचा निम्मा भाग नाहीसा होण्यास सरासरी पाच तास लागतात. काहींना याहून कमी, काहींना बराच अधिक वेळ लागतो. याचा अर्थ, रात्रपाळीत पहाटे पाच वाजता १०० मिलिग्रॅम कॅफीन घेणाऱ्या कामगाराच्या शरीरात सकाळी दहा वाजता, तो झोपण्याचा प्रयत्न करीत असता, ५० मिलिग्रॅम शिल्लक असते. मग झोप तुटक लागते, पुढील रात्री अधिक ग्लानी येते आणि ती घालविण्यासाठी आणखी एक कप लागतो. प्रेस किंवा लेथवर काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही साखळी केवळ प्रकृतीचा प्रश्न राहत नाही. क्षणभर लागलेली डुलकी बोटावर बेतते. दुचाकीवरून पुणे-नाशिक महामार्गाने घरी परतणाऱ्याच्या बाबतीतही तेच.

यावरून साधा नियम निघतो. झोपण्याच्या नियोजित वेळेआधी किमान सहा तास कॉफी बंद करावी. रात्रपाळीवाल्याने पाळीच्या आरंभी एक कप व मध्यरात्रीनंतर फार तर एक अर्धा कप घ्यावा. दोन-अडीचनंतर गरम पेय हवेच असेल तर मसाल्याचे दूध किंवा नुसत्या चिकोरीचा काढा घ्यावा. पहिल्या पाळीसाठी पहाटे चार-साडेचारला उठणाऱ्याने दुपारी दोननंतर कॉफी टाळली, तर रात्री नऊला झोप लागते. पाळी बदलण्याच्या आठवड्यात हे सर्व विस्कळीत होते, त्याला इलाज नाही. त्या दोन-तीन दिवसांत कॉफी वाढविण्याऐवजी कमीच करणे बरे.

कामगारांच्या उपाहारगृहांचाही येथे संबंध येतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद करण्यात आली होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेत ही संख्या कंत्राटी कामगार धरून १०० वर आणली आहे. अशा उपाहारगृहांत साखर आधीच घातलेल्या चहा-कॉफीच्या किटल्या फिरतात. साखर वेगळी ठेवण्यास खर्च काहीच नाही, झालीच तर साखरेची बचत होते. ग्रामपंचायतीची मासिक सभा, ग्रामसभा, शिक्षकांचे प्रशिक्षण यांतील चहापानासही हेच लागू करता येईल. महिला बचत गटांना शरदाचा व हेमंताचा मसाला लहान पुड्यांत भरून विकण्यास वाव आहे. मात्र त्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी घ्यावी, वेष्टनावर जिन्नस, वजन व तयार केल्याची तारीख छापावी, आणि पुडी अमुक रोग बरा करते असा दावा छापू नये.

कोजागरीला गृहनिर्माण संस्थांच्या गच्चीवर व गावच्या मंदिराच्या आवारात दुधाची पातेली चढतात. अलीकडे काही ठिकाणी या रात्री दुधाच्या जोडीला मसाला कॉफीही ठेवली जाते. मध्यरात्री कॉफी प्यायलेल्या पहिल्या पाळीच्या कामगाराला तीन-चार तासांनी कामावर निघायचे असते, शिवाय अंधारात दूध कोणते आणि कॉफी कोणती हे मुलांना कळत नाही. अशा ठिकाणी दोन किटल्या वेगळ्या रंगाच्या घ्याव्यात, कॉफीच्या किटलीवर तशी ठळक चिठ्ठी लावावी आणि तिच्याजवळ एका मोठ्या माणसाला बसवावे.